वर्ग खाली घ्या, सभा खाली घ्या

(पत्र मोठं आहे. जागेअभावी थोडक्यात देत आहे.)

बाई, सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत भावाकडे राहते. वय ५८. दीड वर्षाची असताना तापात पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. हायस्कूल घाटीच्या वर. तिथे हातांवर जोर देऊन, बसत बसत चढायचे. सातवीनंतर ते जमेना, शाळा सुटली. पुढे हातमशीनवर शिवणकाम केलं. माझी भाची २२ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते. ती पाचवीत गेली तेव्हा तिचा वर्ग माडीवर आला. मी दोन दिवस मुख्याध्यापकांच्या दारात बसले, हात जोडले आणि वर्ग खाली आणून घेतला. आता ती बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षा देते.

१५ ऑगस्टची ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या वरच्या हॉलमध्ये होती. पाऊस लागला होता. तिला खुर्चीसकट वर न्यायला चार माणसं पुढे आली. ती म्हणाली, "माका उचलू नकात. सभा खाली घेवा." सभा काही खाली आली नाही. ती पडवीत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी कायद्याची कलमं घालून अर्ज देऊन आली. सरपंच आमच्या भावकीतले. भाऊ संतापलाय, "चार माणसा उचलूक इली, तरी नको म्हणता!" मी तिला सांगायला गेले की चार माणसांत राहायचं तर गोडीने घ्यावं. तर म्हणाली, "आत्ये, आयुष्यभर गोड बोलून तुका काय मिळाला?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या वेळी कुणी बसायला पाट सरकवला तरी डोळे भरून यायचे. या मुलांना कुणाचे उपकार म्हणून वाटतच नाहीत का? तिला कसं समजावू?

— एक आत्या

ताई,

भाचीला कसं समजावू, असं तुम्ही विचारलंय. मी आधी तुमच्याशी बोलते, कारण झोप तुमची उडाली आहे.

तुमच्या लहानपणी अपंग मुलाला अमुक एक मिळालंच पाहिजे असं सांगणारा कायदा या देशात नव्हता. जे मिळायचं ते कुणाच्या तरी मनावर होतं. गुरुजी चांगले असले तर दाराजवळचा बाक, भाऊ अंगापिंडाने मजबूत असला तर पावसाळ्यात त्याची पाठ, शेजारीण मायेची असली तर बसायला पाट. दुसऱ्याच्या मनावर ज्याचं सगळं अवलंबून, तो ते मन राखायला शिकतो. तुमची गोडी तुमचा स्वभाव असेलच, पण तुमच्या हातात तेवढं एकच साधनही होतं. त्या साधनावर तुम्ही ५८ वर्षं काढलीत, कुणापुढे हात न पसरता पोट भरलंत. त्याला मी कमी लेखणार नाही, आणि भाचीनेही लेखू नये.

आता तिची वर्षं मांडून पाहा. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग व्यक्तींनी दिल्लीत संसदेबाहेर निदर्शनं केली. जावेद अबिदी त्यात पुढे होते, स्वतः व्हीलचेअरवर. त्याच अधिवेशनात अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण होतं, सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा होत्या. तेव्हा तुम्ही अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या होतात. शाळा सुटून पंधरा वर्षं झाली होती. तुमच्यासाठी तो कायदा उशिरा आला. भाचीचा जन्म २००३ चा. ती पाळण्यात होती तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. ती शाळेत जाते ना जाते तोच, १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायदा लागू झाला. ती चौदाची होती तेव्हा, १९ एप्रिल २०१७ पासून, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अमलात आला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. नोकरीतल्या जागा ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के. दहावीला तिला तासामागे वीस मिनिटं जादा मिळाली असतील, हवा असेल तर लेखनिकही. शाळेने अर्ज भरला, बोर्डाने मंजूर केला. त्या वीस मिनिटांसाठी तिला कुणासमोर डोळे भरून उभं राहावं लागलं नाही. अशी मुलगी उपकार मानत नाही असं नाही, ताई. तुम्ही रात्रभर बसून शिवलेल्या फ्रॉकसाठी ती तुमची ऋणी असेल. शाळेच्या जादा वेळासाठी कुणाची ऋणी व्हायचं हे तिला कुणी शिकवलंच नाही, आणि ते बरं झालं असं मला वाटतं.

ते चार लोक चांगल्या मनाने आले होते, यात शंका नाही. पण त्या जिन्याकडे तिच्या खुर्चीतून पाहा. ऑगस्टचा पाऊस, पायऱ्या ओल्या, चौघांच्या पायात भिजलेल्या चपला. चौघांचा वेग चार तऱ्हांचा. एकाचा पाय घसरला तर खुर्ची तिच्यासकट खाली, आणि तिचे हात वेळेवर सावरणारे नाहीत. बावीस वर्षांच्या मुलीला गावातले चार पुरुष धरणार, ओढणी सावरायची की कठडा, हेही तिने तेवढ्यात ठरवायचं. बरं, वर पोचली. सभा दोन तास चालली आणि मध्येच तिला खाली यायचं झालं, लघवीला जायचं झालं, तर पुन्हा त्या चौघांना शोधायचं. एखाद्या ठरावाला तिने विरोध केला आणि त्या चौघांपैकी दोघांना राग आला, तर तिला खाली कोण आणणार? ग्रामसभेत मत मांडायला गेलेल्या माणसाने आपल्या परतीची वाट ज्यांच्या हातात आहे त्यांच्याविरुद्ध कसं बोलायचं? तिने मदत नाकारली असं भाऊ म्हणतात. मला दिसतं ते असं की तिने बांधून घेणं नाकारलं.

आणि तिने मागितलं काय, तेही नीट पाहा. उतार मागितला नाही, लिफ्ट मागितली नाही. उताराचा नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. दहा फुटांवरच्या हॉलला एकशेवीस फूट उतार लागेल. आपल्याकडच्या चिरेबंदी ग्रामपंचायतीच्या आवारात तेवढी जागाही नसते. तिला बहुधा हे ठाऊक आहे. म्हणून तिने फुकटात होणारी गोष्ट मागितली. खुर्च्या खाली आणा. नव्या कायद्यात याला शब्द आहे, वाजवी सोय. समोरच्यावर अवास्तव भार न टाकता करता येण्यासारखा बदल. अशी सोय नाकारणं हा कायद्याच्या भाषेत भेदभाव ठरतो, नाकारणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

माझ्याबद्दल एक सांगते. मी तेहतीस वर्षं कोकणात मास्तरकी केली. १९९८ मध्ये मी नववीची वर्गशिक्षिका होते. कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा होता, हुशार, अक्षर तर छापल्यासारखं. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मी त्याच्या वडिलांना बोलावून अगदी मायेने सांगितलं, "कशाला त्याची दमछाक? १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून अभ्यास करू दे, बाहेरून परीक्षा देईल." वडिलांनी माझे आभार मानले. तोपर्यंत कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. मला ठाऊक नव्हतं, आमच्या शाळेत कुणालाच नव्हतं, पण वर्ग खाली आणावा हे सुचायला कायदा कशाला लागत होता? ते मला सुचलं नाही. मुलगा पास झाला. पण वर्गातलं ते एक वर्ष, मधली सुट्टी, निरोप समारंभाचा फोटो, त्यातलं काही त्याला मिळालं नाही. पुढे त्याने बाजारात एसटीडी बूथ चालवला. मोबाइल आले तसा बूथ बंद पडला, आता झेरॉक्सचं दुकान आहे. मी गेले की स्वतः कुबडीवर उभा राहून मला खुर्ची पुढे करतो. आजवर एका शब्दाने बोललेला नाही. तो अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहिला असता तर मला तेव्हा नक्की राग आला असता. आज वाटतं, राहायला हवा होता.

कायदा आला म्हणजे दारं आपोआप उघडली असंही नाही. हे भाचीला तुमच्याहून जास्त माहीत असेल. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. २०१६ मध्ये लागलेल्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निकालात त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, रेल्वे लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंध आहेत म्हणून ती नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सब कलेक्टर म्हणून रुजू झाल्या. देश तेव्हा त्यांच्या जिद्दीबद्दल बोलत होता. मला मात्र तो नकार विसरता येत नाही. कायद्याने परीक्षेपर्यंत आणलं, आणि परीक्षेनंतर कुणीतरी फाइलवर नाही म्हणून लिहिलं. कायद्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांचा आवाज चढतो तो इथे. आपल्याला नाही म्हणायची सवय होती, म्हणून नकार आला की आपण मान खाली घालून परत फिरायचो. या मुलांना कागदावर हो म्हटलेलं आहे आणि दारात नाही ऐकावं लागतं.

दारांचंच बोलायचं तर, जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायला नव्या कायद्याने नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. तुमच्या ग्रामपंचायतीचा जिना कसा आहे ते तुम्ही रोज पाहता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे जागा अपंगांना वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक करावेच लागतील. तेव्हा भाचीने अर्जात कलमं घातली म्हणून भावाने रागावू नये. तिने कुणावर खटला भरलेला नाही, गावाला कायदा वाचून दाखवलाय.

तुमच्या पत्रातलं ते घाटी चढणं वाचून मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवली. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला तिथल्या संसदेसमोर अपंग माणसं जमली. त्यांच्या हक्कांचा कायदा अडकून पडला होता. त्यांनी व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या दगडी पायऱ्या हातांवर, कोपरांवर, बसत बसत चढायला सुरुवात केली. त्यात आठ वर्षांची एक मुलगी होती. त्याच वर्षी २६ जुलैला कायद्यावर सही झाली, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांची तिकडे वेगळी पिढी मानतात. तुम्हीही तशाच चढलात, ताई. त्यांना पाहायला कॅमेरे होते. तुम्हाला पाहायला घाटीवरचे माड होते आणि वर शाळेची घंटा झालेली असायची.

आता त्या वाक्याकडे येते. "गोड बोलून तुका काय मिळाला?" भाचीने हे म्हणायला नको होतं, आणि ते चूकही आहे. तुमच्या पत्रात तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून गेलात, बहुधा तुम्हाला ती मोठी वाटत नाही. २०१३ च्या सुमारास तुम्ही शाळेच्या दारात दोन दिवस बसलात. हात जोडून बसलात, पण उठला नाहीत. तुम्ही म्हणालात, वर्ग खाली घ्या. बारा वर्षांनी ती म्हणते, सभा खाली घ्या. दहा वर्षांची पोर तेव्हा कुठेतरी जवळच खुर्चीत असेल आणि बघत असेल. वर जायचं नसतं, वरचं खाली आणायचं असतं, हे तिने कॉलेजात नाही शिकलेलं. तिथे तिला कलमांचे आकडे मिळाले. दुःख एवढंच की तेव्हाही तो वर्ग तिचा हक्कच होता, आणि तुम्हाला तो भीक मागितल्यासारखा मागावा लागला, कारण तुम्हाला आणि त्या मुख्याध्यापकांना, दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

हे तिला सांगा. समजवायला म्हणून नको, गोष्ट म्हणून सांगा. त्या दोन दिवसांत काय झालं, कोण काय म्हणालं, तुम्ही जेवलात का, पाय किती दुखला. माझा अंदाज आहे की तिला यातलं फारच थोडं ठाऊक आहे. आणि त्या वाक्याने लागलं हेही सांगा. हक्काची भाषा येणाऱ्या मुलीला आत्याचं मन दुखावल्याचं कळणार नाही असं मुळीच नाही.

(एक मध्येच. तुम्ही पत्रात तिला एकदा "दिव्यांग" आणि एकदा "बिचारी" म्हटलंय. कायद्याच्या मराठी नावात दिव्यांग आहे, पण पुष्कळ तरुणांना तो शब्द आवडत नाही, अपंग बरा वाटतो. तिला काय आवडतं ते तिलाच विचारा. "बिचारी" मात्र सोडून द्या.)

भावाचं आणि सरपंचांचं. भावकीत अर्ज गेला की घरात अबोला येतो, हे मी कोकणात जन्म काढून जाणते. पण अर्ज मागे घ्यायला तिला सांगू नका. अर्जाची पोच घेतली आहे का तेवढं पाहा. नसेल तर शिक्का मारून घ्यायला सांगा. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला, तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. बहुतेक एवढ्यावर जायची वेळ येणार नाही. सरपंचांशी तुम्ही बोला. तिथे तुमची गोडी उपयोगाची आहे, आणि या वेळी तिच्या पाठीशी कागद आहे. त्यांना हेही सुचवा की ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. तळमजल्याच्या दारात छोटा उतार आणि एक रुंद दाराचं शौचालय त्यातून होतं का, ते विचारायला काय हरकत आहे?

आणि आता तुमचं. तीन पानी पत्रात तुमच्या स्वतःच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा उल्लेख कुठे नाही. मला वाटतं तुम्ही तो काढलेलाच नाही. "मेल्या पायाचा दाखला कशाला," असं तुमच्या वयाच्या बायका म्हणतात, मी ऐकलंय. काढा. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज भाची मोबाइलवर भरून देईल; आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. मग ओरोसला जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागेल. तपासणीचा वार आधी फोन करून विचारा, आणि तो विभाग कितव्या मजल्यावर आहे हेही विचारा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं तर एसटीची सवलत मिळेल, संजय गांधी निराधार योजनेत बसता का ते तलाठ्याकडे कळेल, ग्रामपंचायतीच्या त्या ५ टक्क्यांत तुमचंही नाव येईल. एकोणतीस वर्षं तो कायदा तुमचाही होता. तुम्ही त्याच्याकडे भाचीची वस्तू म्हणून पाहत आलात.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही. १५ ऑगस्टला तुम्ही स्वतः त्या सभेला गेला होतात का? तुम्ही पडवीतलं सगळं लिहिलंत, वरच्या हॉलमधलं काहीच नाही. माझा तर्क आहे की सभा त्या हॉलमध्ये भरायला लागली तेव्हापासून तुम्ही वर गेलेल्याच नाही, आणि तुम्ही येत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

२ ऑक्टोबरला पुढची ग्रामसभा असेल. तिच्या आधी महिलांची सभा होते. नोटीस लागली की जागा कुठली लिहिलीय ते पाहा. खाली असेल तर लवकर जाऊन पुढे बसा. वर असेल तर वर जाऊ नका. भाचीच्या शेजारी पडवीत पाट टाकून बसा आणि वर निरोप पाठवा की इथे दोघी जणी खोळंबल्या आहेत. निरोप तुमच्याच पद्धतीने पाठवा, हात जोडून. मात्र सभा खाली येईपर्यंत उठू नका.